मिशरी सोडताना

गटाच्या बैठकीत बिडी-तंबाखूचा विषय निघाला की आम्ही सगळ्याजणी पुरुषांना नावं ठेवतो. मिशरीचं मात्र कुणी काढत नाही. मिशरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच की! हिरड्यांवर घासली की त्यातलं निकोटीन रक्तात उतरतं. म्हणून तर ती लावल्याशिवाय परसाकडं होत नाही. गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. तो कॅन्सरचा इशारा असू शकतो.

सोडल्यावर डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं. पहिला आठवडा जड जातो, मग त्रास ओसरत जातो. आमच्यातल्या काहीजणींनी आधी दुपारची बंद केली, मग रात्रीची. सकाळची सगळ्यांत चिवट! तेव्हा उठल्याबरोबर कोमट पाणी, आणि मिशरीची डबी घराबाहेर. तरी जमेना तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो. औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगगमही मिळतं, पण गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.