नागीण : समज आणि वस्तुस्थिती



कमरेभोवती नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, हा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या रूढ आहे. या भीतीपोटी रोग्यास मांत्रिकाकडे नेले जाते, फोडांवर गेरूचा लेप दिला जातो आणि उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

नागीण हा सर्पाचा शाप नव्हे. पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जारज्जूलगत अनेक वर्षे सुप्तावस्थेत राहतात. वार्धक्यात किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर ते पुन्हा जागृत होतात. प्रथम शरीराच्या एका बाजूस आग व ठणका सुरू होतो. दोन-चार दिवसांनी तेथेच पाणीदार फोड उठतात. फोडांचा पट्टा एका मज्जातंतूच्या मार्गाने जात असल्याने तो सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडीत नाही. विळख्याची भीती म्हणूनच निराधार होय.

रोग्यापासून दुसऱ्यास नागीण होत नाही. मात्र ज्यास कांजिण्या आलेल्या नाहीत, त्यास ओल्या फोडांतील द्रवाच्या संसर्गाने १० ते २१ दिवसांत कांजिण्या येऊ शकतात. यास्तव खपली धरेपर्यंत फोड झाकावेत. गर्भवती व तान्ह्या बालकांपासून रोग्याने दूर राहावे.

फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिरसारखे औषध सुरू होणे हितावह असते. फोड डोळ्याजवळ असल्यास दृष्टीस धोका संभवतो. तेथे विलंब मुळीच नको.

शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शब्दाला गावात मान असतो. ‘प्रथम आरोग्य केंद्रात चला’ हा सल्ला त्यांनी आवर्जून द्यावा, ही विनंती.