घर एक, वाटेकरी तीन

(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



नोकरीनिमित्त आपण चिनहटला आलो, देवा रोडच्या आसपास स्थिरावलो. पण गावच्या घराच्या मिळकत पत्रिकेवर आपले नाव आहेच. तिथे राहणारा भाऊ म्हणतो, 'घर मी सांभाळले.' आपण म्हणतो, 'हिस्सा माझाही आहे.' दोघांचेही खरे असते, म्हणूनच वाद मिटत नाही.

प्रत्येक घराचे तुकडे करता येत नाहीत, हे कायद्यालाही ठाऊक आहे. १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार, निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनी विनंती केल्यास कोर्ट अशा घराच्या विक्रीचा हुकूम देऊ शकते; पण दुसरा वाटेकरी त्यांचा हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीने स्वतः घेऊ शकतो. बापाच्या पश्चात वारशाने आलेला हिस्सा एकाने विकायला काढला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ सहवारसांना खरेदीचा पहिला हक्क देते. आणि २००५ मध्ये कलम २३ रद्द झाल्यापासून राहत्या घराची वाटणी बहीणही मागू शकते. तिला वगळून हिशोब करू नका.

कोर्टात वर्षे लागतात, तेच घरी बसूनही होते. आमच्या साताऱ्याच्या घराचे आम्ही तसेच केले. दोन मूल्यांककांच्या आकड्यांची सरासरी काढली, ६० लाख रुपये. धाकट्या भावाने स्लॅब आणि ड्रेनेजवर घातलेले ६ लाख पावत्या पाहून आधी त्याच्या नावे बाजूला ठेवले. उरलेल्या ५४ लाखांचे तीन वाटे, प्रत्येकी १८ लाख. ते त्याने मला आणि ताईला दोन हप्त्यांत, ठरल्या तारखांना दिले. शेवटचा हप्ता मिळाल्यावर रजिस्ट्रारकडे दस्त नोंदवला. साध्या कागदावरच्या सह्यांनी हक्क सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

अडचण पैशांची नव्हतीच. ताई म्हणत होती, "मला पैसे नकोत, माहेर हवे." त्यावर भाऊ म्हणाला, "ताई, हिस्सा तुझा आहे, तो घे. गौरी दरवर्षी इथेच बसतील आणि ओवसायला तूच यायचंस." मग तिने सही केली.

मित्रांनो, किंमत कागदावर ठरवा, माया कागदावर आणू नका. आणि हे बोलणे आपल्या हयातीतच करा. मुलांच्या पिढीत वाटेकरी तिनाचे नऊ होतात.

गणपती बाप्पा मोरया!