मॉरिशस : सह्याद्रीचे धाकटे भावंड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने प्रवासाच्या निमित्ताने चार शब्द सांगण्याची मला आज्ञा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. अलीकडे आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह परदेशगमन करतात, आणि त्यांच्या बोलण्यात मॉरिशसचे नाव वारंवार येते. तेथून परतलेल्यांस काय पाहिले म्हणून विचारावे, तर निळा समुद्र, पांढरी वाळू आणि पाहुण्यांसाठी केलेल्या सोयी यांचे वर्णन ऐकावयास मिळते. ते वर्णन यथार्थच आहे. परंतु सहा-सात तास विमानात बसून जाणाऱ्या मराठी माणसाने त्या बेटावर आणखी दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे. पहिली तेथील काळा पाषाण. दुसरी, तो पाषाण ज्यांनी आपल्या हातांनी उचलला त्या माणसांच्या खुणा. या दोहोंशी आपले नाते आहे, आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम पाषाणाकडे वळू. मॉरिशस हे ज्वालामुखीपासून जन्मलेले बेट आहे. हिंदी महासागराच्या तळातून वर आलेला लाव्हारस थरावर थर साचत गेला आणि सुमारे ऐंशी ते नव्वद लाख वर्षांपूर्वी या बेटाने पाण्याबाहेर डोके काढले. पृथ्वीच्या पोटात, कवचाच्या खाली, काही ठिकाणी अतिशय तप्त असा प्रवाह वर येत असतो. ते ठिकाण जवळजवळ स्थिर राहते, पण त्यावरील कवचाचा पट्टा हळूहळू सरकत असतो. म्हणून एकाच भट्टीतून निरनिराळ्या काळी निरनिराळ्या ठिकाणी जमीन निर्माण होते. आज ही भट्टी मॉरिशसच्या नैर्ऋत्येस असलेल्या रेयुनियाँ या बेटाखाली धगधगत आहे. तेथील ज्वालामुखी आजही जागृत असून त्याचे उद्रेक वरचेवर होतात. मॉरिशस या भट्टीवरून पुढे सरकले आणि तेथील अग्नी शांत झाला.

आता या कथेचा आरंभ कोठे आहे, ते ऐकून आपणांस कौतुक वाटेल. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी याच भट्टीवरून आपला भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत होता, आणि त्या वेळी जो प्रचंड लाव्हारस बाहेर पडला त्यातून आपले दख्खनचे पठार घडले, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत आहे. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांच्याखालची सागरातील डोंगररांग ही त्याच वाटेवरील पावले होत. म्हणजे रायगडाचा कडा, वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले तो खडक आणि मॉरिशसचे डोंगर ही एकाच मातेची लेकरे ठरतात. सह्याद्री हा थोरला, मॉरिशस त्याचे बरेच धाकटे भावंड.

हे नाते डोळ्यांना पटावे असे तेथे पुष्कळ आहे. बेट लहान, मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, आणि सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडे अधिक, एवढेच. परंतु समुद्रसपाटीवरून एकाएकी उभे राहिलेले ते सुळके पाहिले, की नाणेघाटातील एखाद्या वळणावर आल्याचा भास होतो. राजधानी पोर्ट लुई हिच्या पाठीशी 'ल पूस' नावाचे शिखर आहे. फ्रेंच भाषेत याचा अर्थ अंगठा, आणि ते दिसतेही तसेच. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८३६ साली या बेटावर उतरला असता याच शिखरावर चढून गेला होता.

बेटाच्या मध्यभागी क्युरपिप नावाच्या गावालगत 'ट्रू ओ सेर्फ' हे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे. नावाचा अर्थ हरणांचे विवर. त्याचा व्यास तीनशे मीटरांहून अधिक, आणि खोली सुमारे ऐंशी मीटर. ज्या मुखातून कोणे एके काळी अग्नी उसळला, त्याच्या उतारावर आज दाट झाडी आहे आणि तळाशी पाणी व गाळ साचलेला आहे. काठावरून पाहणाऱ्या मुलांना ज्वालामुखी म्हणजे काय हे समजावून सांगण्यास याहून सोयीचे स्थळ क्वचितच मिळेल.

दक्षिणेकडे अशाच एका जुन्या विवरात एक तळे आहे. फ्रेंचांनी त्यास 'ग्राँ बासँ' म्हटले, आपल्या लोकांनी परी तलाव म्हटले. १८९८ साली त्रिओले गावाहून काही भाविक पायी चालत या तळ्यावर आले आणि तेथील जल त्यांनी महाशिवरात्रीस शंकराला वाहिले. तेव्हापासून ही यात्रा सुरू आहे. १९७२ साली या तळ्यात गंगाजल मिसळण्यात आले आणि त्यास गंगा तलाव हे नाम प्राप्त झाले. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लक्षावधी माणसे खांद्यावर कावड घेऊन येथे येतात. अग्नीच्या मुखात पाणी साठावे आणि त्या पाण्यास परमुलखात आलेल्या माणसांनी गंगा मानावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

नैर्ऋत्येस शामारेल येथे सात रंगांची माती आहे. तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळसर अशा छटांच्या लहान लहान टेकड्या, आणि त्यांवर गवताचे पातेही नाही. हा चमत्कार वाटतो, परंतु त्याचे कारण सोपे आहे. काळा लाव्हापाषाण उष्ण आणि पावसाळी हवेत युगानुयुगे कुजत गेला, त्यातील विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून नेली, आणि लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. लोहाने तांबडा व तपकिरी रंग दिला, अॅल्युमिनियमच्या संयुगांनी निळसर व जांभळ्या छटा दिल्या. आमच्या कोकणातील बांधवांस हे नवीन वाटणार नाही. रत्नागिरीच्या घरांना ज्या जांभ्या दगडाच्या भिंती असतात, तो जांभाही काळ्या पाषाणापासून बहुतांशी याच रीतीने तयार झालेला आहे.

बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी पोवळ्यांच्या प्रवाळभिंतीचे कडे आहे. त्या भिंतीवर लाट फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. पांढरी वाळू ही त्या प्रवाळांचीच देणगी. दक्षिणेस ग्रिग्री येथे मात्र या कड्यात खंड पडलेला आहे. तेथे समुद्र काळ्या खडकावर सरळ येऊन आदळतो, आणि ते दृश्य पाहताना हरिहरेश्वराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या सौंदर्याला एक दुःखाची बाजूही आहे, ती मुलांपासून लपवू नये. मनुष्य येण्यापूर्वी या बेटावर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे कबुतराच्या कुळातील डोडो हा पक्षी उडणे विसरून निर्धास्तपणे जमिनीवर वावरत असे. १५९८ साली डच खलाशी आले, त्यांच्यामागून डुकरे, माकडे, उंदीर आले, आणि शंभर वर्षे पुरी होण्यापूर्वीच डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. मूळच्या अरण्यापैकी चांगल्या स्थितीत असलेला भाग आज शेकडा दोनपेक्षाही कमी उरला आहे. परंतु मनुष्य नाश करतो तसा तो सावधही होतो. तेथील एका जातीच्या ससाण्याचे १९७४ साली अवघे चार पक्षी रानात उरल्याचे ठाऊक होते. अंडी काळजीपूर्वक उबवून, पिल्ले वाढवून व पुन्हा रानात सोडून ती जात शास्त्रज्ञांनी वाचवली. २०२० साली एक जपानी मालकीचे जहाज प्रवाळभिंतीवर आदळून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा सामान्य नागरिकांनी उसाचा पाला पोत्यांत भरून तरंगते बांध तयार केले आणि किनारा वाचविण्यास धाव घेतली. निसर्गाचे वैभव पाहावयास जाणाऱ्याने त्या वैभवासाठी झटणारे हातही पाहिले पाहिजेत.

हात म्हटल्यावर मी माझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांतून जाताना ठिकठिकाणी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ही टेकाडे निसर्गाने केलेली नाहीत. शेतात नांगर चालावा म्हणून ज्वालामुखीने पसरलेला एकेक धोंडा माणसांनी उचलून बाजूस रचला. प्रथम हे काम आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांनी केले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकास ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा आहे. मालकांच्या छळातून निसटलेले गुलाम त्याच्या कपारींत आश्रय घेत. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाल्याची वार्ता सांगण्यास शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडावयासच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तेथील लोककथा आहे. २००८ साली हा कडा जागतिक वारशात समाविष्ट झाला.

गुलाम मुक्त झाले, परंतु मळे ओस पडू द्यावयाचे नव्हते. म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ सालीच आरंभ झाला होता. ज्यांना 'गिरमिटिया' म्हणत ते हे लोक. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे या रीतीने मॉरिशसला पोहोचली. कलकत्ता आणि मद्रास यांबरोबर आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूंची मराठी माणसे असत. पोर्ट लुई बंदरात 'आप्रवासी घाट' नावाची वास्तू आहे. कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास करून आलेली माणसे तेथील सोळा पायऱ्या चढून आपल्या नव्या आयुष्यात प्रवेश करीत. त्या पायऱ्या त्याच काळ्या पाषाणाच्या आहेत. २००६ साली या वास्तूसही जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या मुलांना समुद्रकिनारा चार दिवस दाखवा, परंतु एक सकाळ या पायऱ्यांसाठी राखून ठेवा.

त्या माणसांनी आपल्याबरोबर काय नेले? द्रव्य नव्हते, पुस्तके क्वचितच असतील. परंतु गणपती नेला. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्तींचे विसर्जन तेथील समुद्रात व नद्यांत होते. कोकणातील जाखडी नृत्यही तेथे टिकून आहे. घरातील नित्याची बोली आता क्रेओल झाली असली, तरी शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते.

याच संस्थेत मजुरांच्या नोंदींचे दप्तर जतन केलेले आहे, आणि आजच्या माझ्या बोलण्याचे खरे प्रयोजन तेच आहे. प्रत्येक मजुरास क्रमांक दिला जाई. त्याचे नाव, वय, गाव, जात इत्यादी तपशील वहीत उतरवीत. १८६०च्या दशकापासून पुढे कित्येकांची छायाचित्रेही घेण्यात आली. परंतु आडनाव लिहिण्याची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे मूळ पुरुषाचे पाळण्यातले नावच वंशजांचे आडनाव होऊन बसले. तिकडच्या मराठी कुटुंबाने उद्या आपले मूळ शोधावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती आजोबा-पणजोबांचे एक नाव आणि इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेले गावाचे वेडेवाकडे नाव, एवढेच असते. उरलेला धागा इकडे, आपल्या घरांत आहे.

बंधूंनो, आपल्या ज्ञातीतील जुन्या वंशावळी उघडून पाहा. एखाद्या नावापुढे 'परागंदा', 'पत्ता नाही' अशी टीप असते, आणि तेथे ती शाखा संपते. यांतील सारेच समुद्रापार गेले असे मी म्हणत नाही. कोणी गिरणीत गेले, कोणी फौजेत गेले, कोणी साथीच्या रोगांत दगावले. तथापि त्यांपैकी एखादा त्या सोळा पायऱ्या चढला नसेल, असेही कोणास छातीठोकपणे सांगता येणार नाही. कागद वाळवी खाते आणि स्मरण मृत्यू नेतो. घरात आज ज्या आजीबाईंना 'अमक्याचा धाकटा भाऊ मिरीच देशी गेला' एवढे एक वाक्य आठवते, त्या गेल्यावर तेही उरणार नाही.

म्हणून माझी मंडळास अशी सूचना आहे, की एक साधी नोंदवही उघडावी. ज्या कुटुंबात परागंदा झालेल्या पुरुषाची किंवा स्त्रीची आठवण असेल, त्यांनी तिचे नाव, वडिलांचे नाव, गाव व वाडी, आणि अंदाजे साल लिहून द्यावे. जे सभासद मॉरिशसला जातील त्यांनी ती यादी बरोबर न्यावी आणि तेथील दप्तरात चौकशी करावी. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या शोधात आपल्या ज्ञातीबाहेरच्या एखाद्या घरचा धागा सापडला, तर तो आपला नव्हे म्हणून खाली ठेवू नये. ज्या घरचा असेल त्या घरी पोहोचवावा. त्या वहीत जातीचा रकाना होता खरा, परंतु दगड उचलताना सर्वांच्या हातांना सारखेच घट्टे पडले, आणि त्या बेटावर ही सारी मंडळी आज 'मराठी' या एकाच नावाने ओळखली जातात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराचे दोन शब्द. तेथील ऋतू आपल्या उलट असतात. मे ते नोव्हेंबर हा काळ थंड व कोरडा, म्हणून डोंगर चढण्यास उत्तम. जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळांची भीती असते. बेट लहान असल्याने कोणतेही स्थळ एका दिवसात पाहून परत येता येते. तेव्हा ज्वालामुखीचे विवर, सप्तरंगी माती, ल मोर्नचा कडा आणि आप्रवासी घाट या चारही गोष्टी एका आठवड्यात सहज होतात, आणि दप्तरासाठीही एक दिवस उरतो.

 नोंदवहीचे पहिले पान भरण्याचे काम आजच येथे सुरू व्हावे, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून मी आपली रजा घेतो.