गणिताची गृहीतके आणि न्यायाचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्याय, संघर्ष आणि कार्यकारणभाव हे शब्द आपल्या भाषणांत नित्य येतात. गणित हा शब्द मात्र क्वचितच येतो, आणि आला तरी बहुधा संशयाने येतो. आकडे सरकारच्या बाजूचे आणि माणसे आपल्या बाजूची, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. ती सोडली पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले गणिती होते आणि मार्क्सवादी इतिहासकारही होते. हातोहात फिरून नाणे झिजते व त्याचे वजन घटते, एवढे साधे गृहीतक घेऊन त्यांनी हजारो नाणी तोलली आणि प्राचीन आहत नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. गणिती प्रतिमान म्हणतात ते याहून फार निराळे नसते. वास्तवातील असंख्य गोष्टींतून दोन-चार निवडायच्या, त्यांचा परस्परसंबंध उघडपणे मांडायचा आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पाहायचे. प्रश्न एवढाच की कोणत्या गोष्टी निवडल्या आणि कोणत्या वगळल्या. माझ्या मते राजकारण नेमके तेथे असते.

प्रथम कार्यकारणभाव घेऊ. अमेरिकेच्या शहरांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या पडलेल्या दिसतात. १९७१ साली टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अशा विभागणीविषयी एक प्रतिमान मांडले. चौकटीच्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या विखरून ठेवायच्या. प्रत्येक सोंगटीची अपेक्षा माफक आहे: शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्या रंगाचे असावेत. तेवढे नसतील तर तिने दुसऱ्या रिकाम्या घरात जावे. संपूर्ण वेगळी वस्ती कोणालाच नको आहे. तरीही काही चालींतच पटावर एकेका रंगाचे पुंजके तयार होतात. तात्पर्य असे की सामाजिक परिणाम पाहून त्यामागील व्यक्तींचे हेतू ओळखता येतातच असे नाही. ज्या कार्यकर्त्याला प्रत्येक अन्यायामागे एखादा दुष्ट माणूस दिसतो, त्याने हा धडा जरूर घ्यावा.

परंतु येथेच एक धोकाही आहे. या पटाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या, दोष कोणाचाच नाही. एखादी गोष्ट अमुक कारणाने घडू शकते, हे सिद्ध झाले म्हणजे ती त्याच कारणाने घडली, हे सिद्ध होत नाही. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेली सरकारी गृहनिर्माण यंत्रणा वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील गृहकर्जांना हमी नाकारीत होती. घर कृष्णवर्णीयास विकू नये, अशा अटी खरेदीखतांत लिहिल्या जात. न्यायालयांनी त्या अटी अमलात आणू नयेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. घरांच्या व्यवहारातील भेदभावास बंदी करणारा कायदा होण्यास १९६८ साल उजाडावे लागले. पटावर ना सावकार आहे, ना कायदा. संघटित भेदभाव आणि आर्थिक विषमता ही विभागणीची वेगळी कारणे आहेत आणि आपण त्यांचा विचार येथे करीत नाही, हे स्वतः शेलिंगनेच स्पष्ट केले होते. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या वस्त्या शेजाराच्या सौम्य आवडीनिवडीतून वसल्या नाहीत, हे तर आपणांस सांगावयास नकोच.

आता संघर्षाकडे वळू. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ क्वेकर पंथाचा, म्हणजे युद्धास धर्मतः विरोध करणारा. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र न धरता फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्या चालविल्या. पुढे हवामान खाते हवाई मंत्रालयाखाली गेले, तेव्हा १९२० साली त्याने नोकरी सोडली. शस्त्रस्पर्धेचे जे समीकरण त्याने मांडले त्यात तीनच गोष्टी आहेत. प्रतिपक्षाची शस्त्रे पाहून भीती वाटते, म्हणून आपली शस्त्रे वाढतात. स्वतःच्या शस्त्रांचा खर्च डोईजड होतो, म्हणून ती वाढ मंदावते. आणि या दोहोंपलीकडे मनात जुनी तक्रार असते. उभयपक्षी भीतीचा जोर खर्चाच्या ओझ्यापेक्षा अधिक झाला की स्पर्धा बेसुमार वाढत जाते, मग दोघांपैकी कोणालाही युद्ध नको असले तरी! १९०९ ते १९१४ या काळातील युरोपीय राष्ट्रांच्या लष्करी खर्चाला त्याने हे समीकरण लावून पाहिले.

या समीकरणातून निघणारा एक निष्कर्ष मला विशेष मोलाचा वाटतो. समजा, दोन्ही पक्षांनी सारी शस्त्रे टाकली. भीती शून्य झाली, खर्चही शून्य झाला. परंतु तक्रार शिल्लक असेल तर समीकरण शून्यावर थांबत नाही. शस्त्रे पुन्हा जमू लागतात. म्हणजे अन्यायाचे निवारण न करता केलेली शांतता टिकाऊ नसते, हे आपण नीतीच्या भाषेत जे म्हणतो तेच येथे गणिताच्या भाषेत निघाले. आणि हे भवितव्य अटळ आहे, असे रिचर्डसन म्हणत नव्हता. माणसे थांबून विचार करीत नाहीत तेव्हा काय घडते, तेवढेच आपली समीकरणे सांगतात, असे त्याचे म्हणणे होते.

आता न्याय. केंब्रिजचे तत्त्वज्ञ आर. बी. ब्रेथवेट यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात एक उदाहरण घेतले. शेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एक पियानो वाजवितो, दुसरा कर्णा. दोघांना मोकळी संध्याकाळ एकाच वेळी मिळते आणि एकाचे वादन दुसऱ्यास ऐकू जाते. संध्याकाळी कशा वाटाव्यात? ब्रेथवेट यांच्या हिशेबाने ४३ संध्याकाळींपैकी २७ कर्णेवाल्याला आणि १६ पियानोवाल्याला मिळाल्या. कारण काय, तर दोघे एकाच वेळी वाजवू लागले तर कर्णेवाल्याला त्या गोंगाटाचा त्रास कमी. म्हणून त्याची धमकी अधिक परिणामकारक. जॉन रॉल्स यांनी या हिशेबावर आक्षेप घेतला. धमकीच्या बळावर जे मिळते त्याला न्याय म्हणता येणार नाही, हा त्या आक्षेपाचा आशय. गणित चुकलेले नव्हते. प्रश्न होता तो आरंभीची असमान ताकद गृहीत धरण्याचा.

हा प्रश्न कर्ण्या-पियानोपुरता नाही. जानेवारी १९८२ मध्ये एरिअल रुबिन्स्टीन या अर्थशास्त्रज्ञाचा घासाघिशीवरील निबंध प्रसिद्ध झाला. ज्याला थांबणे महाग पडते त्याच्या वाट्याला कमी येते, हे त्यात सिद्ध केले होते. त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. थांबणे कोणाला महाग पडले, हे गिरणगावाला कोणत्याही निबंधावाचून समजले. मात्र त्या प्रतिमानात दोन्ही पक्षांना एकमेकांची पूर्ण माहिती असते, म्हणून सौदा पहिल्याच प्रस्तावाला पटतो. संप मुळी घडतच नाही. प्रत्यक्षात तो महिनोन्‌महिने चालला. ज्या प्रतिमानात संपाला जागाच नाही, त्यावरून संपकऱ्यांच्या शहाणपणाचा निवाडा करणे योग्य होईल काय? उलट त्यातील खरा भाग आपण घ्यावा: थांबण्याची ताकद हीच वाटाघाटीची ताकद. संपनिधी, घरात दुसरी मिळकत, रेशनवरचे धान्य, रोजगार हमीचे काम या गोष्टी म्हणजे दयेची भीक नव्हे. मजूर ज्या जागेवरून बोलतो ती जागाच त्यांमुळे बदलते.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. उद्या धरणाचे लाभ-खर्चाचे गणित किंवा वेतनवाढीचे भाकीत तुमच्यापुढे ठेवले गेले, तर त्यापुढे मान तुकवू नका आणि ते फाडूनही टाकू नका. गृहीतके मागा. हिशेबात कोणाला धरले, कोणाला वगळले, आणि कोणाची आजची लाचारी निसर्गनियमासारखी मांडली, हे विचारा. भाषणात गृहीतक लपविणे सोपे असते. समीकरणात ते कोठे ना कोठे लिहावेच लागते. ते वाचता येणे हे यापुढे कार्यकर्त्याच्या शिक्षणाचे अंग मानले गेले पाहिजे. गणित न्याय देणार नाही. तो मिळवायचा आहे आपल्यालाच. परंतु अन्याय कोणत्या ओळीत शिरला, ते गणित दाखवू शकते.