अस्वलाच्या पलीकडची उत्तर



 स्वागताध्यक्षाने चहा, निवास आणि हवामान यांपलीकडे बोलू नये, असा संकेत आहे. इथे हवामान हाच परिषदेचा विषय असल्याने मला थोडी मोकळीक मिळाली आहे.

उत्तरेची तापमानवाढ म्हटलं की वर्तमानपत्रं पांढरं अस्वल छापतात. तळ्यातल्या लेक ट्राउटचा फोटो कोण छापणार? पण कॅनडात तळी लाखांनी आहेत आणि त्यांत या माशाची कोंडी होते आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. वसंतात बर्फ गेला की वरखालचं पाणी सारखंच थंड असतं; वारा ते घुसळतो आणि तळापर्यंत प्राणवायू पोचतो. मग वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या पाण्यावर जणू झाकण बसतं, ते थेट शरदापर्यंत. तोवर तळाशी कुजणारा गाळपाचोळा प्राणवायूचा तो साठा संपवत राहतो. तापमानवाढीने बर्फ लवकर गेला की झाकणही लवकर बसतं. मग ट्राउटला वर उकडतं आणि खाली गुदमरतं.

नद्यांचं तर विचारूच नका. युकॉनमधली कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे सरली की मे २०१६मध्ये तिच्या पाण्याने वाटच बदलली. त्या पाण्यावर वाहणारी स्लिम्स नदी चार दिवसांत जवळजवळ आटली. उत्तरेला क्लुआनी सरोवरातून बेरिंग समुद्राकडे जाणारं पाणी दक्षिणेला अलास्काच्या आखाताकडे निघालं. भूगोलाच्या पुस्तकात नदी-अपहरणाला, म्हणजे एका नदीचं पाणी दुसरीने पळवायला, हजारो वर्षं लागतात! सरोवराची पातळी उतरली, कोरड्या पात्रातून धुळीचे लोट उठू लागले. तिकडे अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेत कायम गोठलेली जमीन वितळते आहे आणि खनिजांतलं लोह ओढ्यांत उतरून पाणी नारिंगी होतं आहे.

२०२४मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉन नदीतल्या चिनूक सामनची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली. सामन घटण्याची कारणं अनेक. तापलेलं पाणी त्यांतलं एक. वर्षभराचा मासा उन्हाळ्यात धुरी देऊन साठवणाऱ्या काठच्या आदिवासी घरांना मात्र कारणं मोजत बसून भागत नाही. अशा परिषदांत त्यांच्याविषयी बोललं जातं, त्यांना बोलावलं क्वचितच जातं. म्हणून उद्या दुपारचं सत्र तिथल्या मासेमारांसाठी राखून ठेवलं आहे. त्या वेळी कुणी शहर बघायला पळू नये, ही यजमानाची आगाऊ विनंती.

उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं.