वेतनचिठ्ठीचे वाचन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून काव्य-कादंबरीविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र निराळ्याच वाचनाविषयी बोलणार आहे. ते वाचन आहे वेतनचिठ्ठीचे.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. पीथमपूरच्या एका कारखान्यात तो काम करतो. सात वर्षांतील ही त्याची तिसरी नोकरी. पगाराची स्लिप पुढे करून त्याने विचारले, "सर, दरमहा हे अठराशे रुपये कापतात, ते जातात कुठे?" मुलगा पदवीधर, परंतु हा दहा ओळींचा कागद वाचावयास त्याला कोणी शिकवले नव्हते. त्या 'कोणी'मध्ये मीही आलोच.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्याला 15,000 रुपये पडतात. त्यातील 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत जातात. तितकीच रक्कम मालकाने भरावयाची असते. मालकाच्या वाट्यातील 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेकडे व उरलेले 550 रुपये निधीकडे वळतात. 'कापले' म्हणून ज्याची चीड येते, ते त्याचेच धन. शिवाय तेवढीच भर मालकाची.

परंतु आधीच्या दोन्ही नोकऱ्या सोडताना त्याने सारी रक्कम काढून घेतली होती. एकदा मोटारसायकलीसाठी, एकदा बहिणीच्या लग्नासाठी. निवृत्तिवेतनास किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचा हिस्सा उचलला की ती वर्षे मोजणीतून जातात. खाते नव्या नोकरीत वळते केले असते, तर त्याला तीन वर्षे उरली असती. आता नऊ उरली आहेत. हे सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जड गेले.

आणखीही गोष्टी निघाल्या. बारा आकडी खाते क्रमांक त्याला ठाऊक नव्हता. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहितात. कारखान्याच्या नोंदीत ते गळले होते, आधार कार्डावर होते. अशा फरकावरून दावे अडतात. वारस म्हणून आईचे नाव होते. लग्नानंतर मात्र पूर्वीचे नामनिर्देशन रद्द ठरते व नवे करावे लागते, हे त्याच्या गावी नव्हते.

उपदान, ज्याला सारे ग्रॅच्युइटी म्हणतात, त्याचेही तेच. पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. महिना सव्वीस दिवसांचा धरतात. शेवटचे वेतन 26,000 असेल तर वर्षाला 15,000 आणि पाच वर्षांचे 75,000 रुपये. साडेचार वर्षांवर राजीनामा देणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरील कामगारांना एका वर्षानंतरही हा हक्क दिला आहे.

हक्काच्या पैशाची वाट पाहणे म्हणजे काय, हे इंदूरला सांगावयास नको. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यांचा 224 कोटींचा धनादेश सुपूर्द झाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. तिथे कामगारांना हक्क ठाऊक होता, ते लढले. ज्यांना हक्कच ठाऊक नाही, ते कशासाठी लढणार?

म्हणून एक विनंती. आपल्या सभासदांत बँकांतून आणि लेखा-कार्यालयांतून निवृत्त झालेली जाणती मंडळी आहेत. रविवारी सकाळी वाचनकक्षातील एक टेबल त्यांनी सांभाळावे. तरुणांनी स्लिप आणि पासबुक घेऊन यावे, ओळीने ओळ समजून घ्यावी. सभासद नसला तरी त्याला परत धाडू नये.

शंभर वर्षे या वास्तूने लोकांना वाचावयास लावले. हा कागदही त्याच परंपरेत बसतो, असे मला वाटते.