मेजावरील कारखाना



मी जुना मॅट्रिक. प्राथमिक शाळेंत गणित व भूगोल शिकविण्यांत माझा जन्म गेला. यंत्रविद्येशीं माझा संबंध म्हणाल, तर बंद पडलेल्या रेडिओची पाठ उघडून ती पुन्हां जशीच्या तशी लावण्यापुरता. परंतु पुण्यांतील आमच्या घरांत, माझ्याच लिहिण्याच्या मेजावर एक यंत्र येऊन बसलें आणि पंधरा दिवस मीं तें खुर्ची ओढून पाहिलें. एवढ्याच भांडवलावर आज बोलत आहें.

आमच्या सूनबाई विहिरीवरील पंपांचीं नियंत्रणें करून देतात. नियंत्रणाचा जीव म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पाटी. माझ्या लहानपणीं रेडिओच्या पोटांतील भागांना तारेचे पाय असत व ते पाटीच्या छिद्रांतून ओवीत. १९८० नंतर ते पाय हळूहळू गेले. आतां भाग पाटीच्या पृष्ठावरच बसवितात. त्यांतला एक नेहमींचा भाग १.६ मिलिमीटर लांब व ०.८ रुंद, त्याचा धाकटा भाऊ १ मिलिमीटर लांब व अर्धा रुंद, म्हणजे राजगिऱ्याचा दाणाच! शेजारच्या दोन मुली हे दाणे चिमट्यानें एकेक करून ठेवीत. संध्याकाळीं उठतांना डोळ्यांवर पाणी मारीत. मजुरी पाटीमागें ठरलेली. यंत्र येणार असें कळलें तेव्हां थोरली मला म्हणाली, "आजोबा, मग आम्ही काय करायचं?" मजजवळ उत्तर नव्हतें. मीं आंत चहा सांगितला.

यंत्र अमेरिकेतील ओप्युलो या संस्थेचें. नांव 'लुमेन पीएनपी'. त्याचे आराखडे कर्त्यांनीं सर्वांस खुले ठेविले आहेत, ही गोष्ट मला फार आवडली. विद्या कोंडून ठेवणारा मास्तर मला कधींच रुचला नाहीं. रूप मात्र बेताचेंच: अॅल्युमिनियमच्या दांड्या, प्लास्टिकचे सांधे, वायरींचा गुंता. आमच्या घरच्या मंडळींनीं पाहतांच विचारलें, "यावर कपडे वाळत घालायचे कां?"

काम असें चालतें. प्रथम पाटीवर छिद्रांचा पातळ पत्रा ठेवून त्यावरून कथिलाचें राखी मलम फिरवितात; अगदीं रांगोळीचा छाप! हें मलम थंड जागीं ठेवावें लागतें. स्वयंपाकघरांतील फ्रिज त्यासाठीं मिळणार नाहीं, हें पहिल्याच दिवशीं ठरलें. दाणे येतात ते ८ मिलिमीटर रुंदीच्या कागदी फितींत, एकेका खळग्यांत एकेक. यंत्राची नळी फितीवर उतरते, श्वास आंत ओढावा तशी हवा ओढून दाणा उचलते आणि खालच्या कॅमेऱ्यापुढें क्षणभर थांबते. दाणा वाकडा उचलला गेला असेल तर नळी तेवढीच वळते व त्याला नेमक्या जागीं टेकवून श्वास सोडते. तें पाहतांना माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेलें.

पण हा विद्यार्थी पाठांतराचा. कोणता भाग कोठें आहे, त्याची उंची किती, तोंड कोणीकडे, हें सारें आधीं लिहून द्यावें लागतें. त्यांतच सूनबाईंचे चार दिवस गेले. आणि पहिल्या पांच पाट्या झाल्या तेव्हां आम्ही सर्व आनंदांत असतां थोरली मुलगी वाकून म्हणाली, "ताई, रेघ उलटी आहे." वीज एकाच दिशेनें जाऊं देणारा डायोड म्हणून एक भाग असतो, त्याच्या एका टोंकाशीं रेघ असते. यादींत दिशा चुकली होती आणि यंत्रानें ती चूक पांचही पाट्यांवर अत्यंत सफाईनें गिरविली होती! मलम ओलें होतें म्हणून बरें. तिनें चिमट्यानें पांचही डायोड फिरविले. तिला यादी वाचतां येत नव्हती. पाटी मात्र पाठ होती.

मग भट्टी. त्या मलमांतील कथिल, चांदी व तांबें यांचें मिश्रण सुमारें २१७ अंशांस वितळतें, आणि मौज अशी कीं वितळलेल्या धातूच्या ओढीनें किंचित् वांकडे दाणे आपोआप सरळ होतात. एक बाजू आधीं वितळली तर मात्र दाणा त्याच टोंकावर ताठ उभा राहतो; कारागीर त्याला थडगें म्हणतात.

थोरली आतां महिन्याच्या पगारावर आहे; यादी तपासायला शिकते आहे. मी तिला इंग्रजी अक्षरें शिकवितों. धाकटीसाठीं मात्र काम उरलें नाहीं. सूनबाईंनीं हिशेब दोनदां मांडून पाहिला, पण यंत्राचा हप्ता आणि दोन पगार त्यांत बसेनात. ती लक्ष्मी रस्त्यावरील एका कापडाच्या दुकानांत उभी राहते. परवां येऊन गेली. यंत्राकडे बराच वेळ पाहत होती. एक दाणा निसटून पाटीवर आडवा पडला, तेव्हां तिचा हात आपसूक चिमट्याकडे गेला.